चुलत भावाने बांध कोरलाय. ख्रिस्ती माणसाने दावा टाकावा की सोडून द्यावं?

राहुरीकर_चाकणला

सर्वांना सलाम. बरेच दिवस लिहू की नको असं चाललंय, आज लिहितोच. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव राहुरी तालुक्यात, मी नोकरीला चाकणला. गावी आई आणि वडील असतात, वडलांचं वय ७१. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी घेतलेली जमीन, पुढे वडील आणि चुलते यांच्यात वाटप झालं आणि मधे बांध पडला. बांधावर एक लिंब आहे, त्याच्या बुडाशी हद्दीचा दगड. चुलते चार वर्षांपूर्वी गेले, आता तो भाग चुलत भाऊ करतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणतो, सायकल मला त्यानेच शिकवली ह्याच बांधाच्या कडेच्या रस्त्यावर.

तर गेली तीन वर्षं दर नांगरटीला दादाचा ट्रॅक्टर बांध थोडा थोडा कोरतोय. आधी दोन माणसं शेजारी शेजारी चालायची, आता आई गवताचा भारा घेऊन निघाली तर तोल सांभाळत चालते, आणि लिंबाच्या पुढे तर बांधच सरकून आमच्यात आलाय. दिवाळीत गेलो तेव्हा टेप लावून मोजलं. अंदाजे अडीच फूट, लांबी चारशे फूट, म्हणजे हजार चौरस फूट. गुंठा होतो १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पुरता गुंठाही नाही. पण हद्दीचा दगड जागेवर नव्हता, उसाच्या पाचटात आडवा पडलेला सापडला, ते बघून माझं डोकंच फिरलं.

आणि मग मी चूक केली. त्या दगडाचा फोटो काढून मंडळीच्या म्हणजे आमच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं बायबलमधलं अनुवाद १९:१४, ते शेजाऱ्याची हद्द सरकवू नको म्हणणारं वचन. नाव घेतलं नाही पण गावात कोणाला कळणार नाही? दुपारपर्यंत साठ-सत्तर मेसेज, निम्मे आमच्या बाजूने निम्मे दादाच्या, कोणी तर आजोबांच्या काळातलं काढलं. शेवटी पाळकसाहेबांनी ग्रुप बंद करून फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा केला. दादा ग्रुप सोडून गेला. वहिनी महिला मंडळाला यायच्या बंद झाल्या.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीमुळे. आमच्याकडे पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वडील दोन महिने झाले घेत नाहीयेत. आई सांगते, भाकर आणि प्याला फिरायला लागला की ते मागच्या बाकावरून उठतात, चपला घालतात आणि बाहेर नळापाशी जाऊन उभे राहतात, शेवटचं गीत लागलं की परत आत. कोणी विचारलं तर म्हणतात माझ्या मनात पुतण्याबद्दल राग आहे, तो घेऊन मी कसा हात पुढे करू. पन्नास वर्षांत ह्या माणसाने कधी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं.

वकील म्हणतात मनाई हुकमाचा दावा टाकू, कागद आपल्या बाजूचे आहेत. मेहुणा म्हणतो आज अडीच फूट सोडलं तर पुढच्या वर्षी अख्खी सरी जाईल, ख्रिस्ती म्हणजे काय मऊ लागला म्हणून कोपराने खणायचं का. बायको म्हणते गुंठाभर जमिनीसाठी घर मोडू नका. मी रोज १ करिंथ ६ वाचतो, तिथे पौल सरळ विचारतो की भावाने भावावर कोर्टात जाण्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही. आणि रोज वाचून रोज राग येतो.

सोडून देणं ही शांती आहे का नुसता भित्रेपणा? ज्यांनी असं काही भोगलंय त्यांनी सांगा. नुसतं प्रार्थना करतो असं लिहू नका प्लीज, प्रार्थना कराच, पण सांगा पण.

वसईची_मावशी

जय येशू रे बाळा. तुझं वाचून मला आमचं बावखल आठवलं.

तुमच्याकडे माहीत नसेल म्हणून सांगते, वसईत वाड्यांमधे पाण्याची तळी असतात त्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, आजूबाजूच्या विहिरींना झरे राहतात, पूर्वी रहाट लावून केळी, पानवेल, भाजी सगळं त्याच्यावर व्हायचं. एका बावखलावर दोन-तीन घरांचा हक्क असायचा, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमच्या माहेरच्या बावखलावर दोन घरं, आमचं आणि माझ्या वडलांच्या चुलत्याचं. पाळीवरून वाजलं. कोणाची चूक ते मी आज पंचावन्न वर्षांनी पण सांगू शकत नाही कारण मी फक्त आमच्या घरातली बाजू ऐकून मोठी झाले. भांडण झालं आणि मग काय, दर उन्हाळ्यात दोघं मिळून गाळ काढायचे तो कोणीच काढेना, हा म्हणतो तो काढेल तो म्हणतो हा काढेल, पाच-सहा वर्षांत शेवाळ, मग कचरा, मग कोणीतरी डेब्रिज टाकलं. आता तिथे पार्किंग आहे. ज्या पाण्यासाठी भांडले ते पाणीच गेलं, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, माझ्या डोळ्यासमोर झालंय.

म्हणून मला उत्पत्ती २६ फार जवळचा वाटतो. इसहाकाच्या विहिरी. बाबाने म्हणजे अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या, इसहाकाने त्या परत उकरल्या आणि बापाने ठेवलेलीच नावं परत ठेवली. मग गराराच्या खोऱ्यात जिवंत पाण्याची विहीर लागली तर तिथले गुराखी भांडायला आले, पाणी आमचं. त्याने त्या विहिरीला नाव दिलं एसेक, म्हणजे भांडण, आणि सोडून पुढे गेला. दुसरी खणली, तिच्यावर पण भांडण, तिचं नाव सितना, म्हणजे वैर. ती पण सोडली. तिसरीवर कोणी भांडलं नाही, तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा.

सगळे सांगतात की बघा इसहाक किती नम्र. बरोबर आहे. पण बाळा दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे तो सोडून गेला पण खणायचं थांबला नाही, त्याच्या गुराढोरांना पाणी लागत होतं आणि त्याने ते मिळवलंच, कोणाला तहानेने मारून त्याने शांती घेतली नाही. दुसरं म्हणजे ज्या अबीमलेखाने त्याला आमच्यातून निघून जा म्हणून सांगितलं होतं तोच नंतर माणसं घेऊन करार करायला आला, तेव्हा इसहाकाने हसून या बसा केलं नाही. आधी तोंडावर विचारलं, तुम्ही माझा द्वेष केला, मला घालवून दिलं, मग आता कशाला आलात? एवढं बोलला आणि मग त्यांना जेवू घातलं. मन दाबून घातलेलं जेवण नव्हतं ते. मनातलं ओठावर आलं होतं.

तुझ्या बाबांनी पुतण्याला तोंडावर कधी विचारलंय का रे, की बाळा तू बांध का कोरतोस? का सगळं वकील, मेहुणा आणि ग्रुपच बोलतायत? दादाशी तू स्वतः शेवटचं कधी बोललास?

मोजणीवाले_काका

सलाम. मी भूमी अभिलेखमधून रिटायर झालोय, संगमनेरला असतो, मेथडिस्ट. ३१ वर्षं दुसऱ्यांचे बांध मोजले त्यामुळे थोडं हक्काने लिहितो.

आधी तुमच्या टेपबद्दल. टेपने मोजलेलं अडीच फूट हे तुमचं म्हणणं झालं, पुरावा नाही. कोणता बांध मूळ, वाटपाच्या वेळचा का नंतर सरकलेला, हे नुसतं बघून मलाही सांगता आलं नसतं. कित्येकदा मोजणी केली तर तक्रार करणाराच दोन फूट पुढे निघायचा. मग तो माणूस जो गप्प व्हायचा ना. म्हणून आधी मनातून हे काढा की आपलं शंभर टक्के खरंच आहे. दगड पाचटात पडला म्हणजे दादाने मुद्दाम काढला असंही नाही, रोटाव्हेटरला लागून दगड निघतात, मी शेकडो बघितलेत.

दुसरं, लोकांना मोजणी म्हणजे भांडण वाटतं. मला उलट वाटतं. उत्पत्ती ३१ काढा. याकोब आणि लाबान, वीस वर्षांची फसवाफसवी, शेवटी दोघांनी मिळून दगडांची रास केली, तिला नाव गलेद, मिस्पा पण म्हणतात, आणि ठरलं की ही रास ओलांडून मी वाईट करायला तुझ्याकडे येणार नाही आणि तू माझ्याकडे यायचं नाही. मग त्या राशीपाशीच बसून जेवले. हद्दीचा दगड हा तहाचा साक्षीदार असतो, निदान मी तरी नोकरीभर तसंच मानलं. खुणा नसतात तिथे दरवर्षी नांगरटीला भांडण उगवतं.

आता करायचं काय. मोजणीचा अर्ज तुम्ही एकट्याने केला तरी लगतच्या कब्जेदाराला नोटीस जातेच, म्हणजे दादाच्या दारात सरकारी कागद जाणार. तो कागद पोचायच्या आधी तुमचे पाय त्याच्या दारात पोचले पाहिजेत. जाऊन सांगा, दादा मोजणी लावतोय, फी मी भरतो, तू पण हजर राहा, जे निघेल ते दोघांना मान्य, माझ्याकडे तुझं निघालं तर त्याच दिवशी सोडीन. हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणता येत असेल तरच जा. येत नसेल तर तुम्हाला शांती नको, जमीन पाहिजे, आणि मग सरळ वकिलाकडे जा, निदान स्वतःला फसवू नका.

मोजणी झाली की क प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो, हद्दीच्या खुणा दोघांच्या समोर रोवून घ्या, सिमेंटचे खांब घाला. आणि तरीही नाहीच जमलं तर लगेच दावा नाही, गावात तंटामुक्ती समिती असेल, २००७ पासून ती मोहीम आहे, काही गावांत नुसती पाटी आहे पण काही गावांत अजून चांगली माणसं बसतात. दावा पडलाच तर लोकअदालतीत ठेवायला सांगा, तिथे मिटलं की कोर्ट फी परत मिळते आणि त्याच्यावर अपील नसतं, म्हणजे पोरांच्या पिढीत तेच भांडण परत जात नाही. मी अशा केसेस बघितल्यात जिथे आजोबाने टाकलेला दावा नातू चालवतोय आणि नातवाला बांध कुठला ते पण माहीत नाही.

करिंथकरांस पौलाने लिहिलं ते मोजणीच्या विरोधात नाही. तो म्हणतोय तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा माणूस नाही का? म्हणजे निवाडा करा, पण आपल्यात बसून करा.

तिरसा

वरची उत्तरं चांगली आहेत, पण मला थोडं वेगळं लिहायचंय आणि ते ऐकायला कडू लागेल.

मी सोलापूरची. नवरा गेला तेव्हा मुली सहा आणि नऊ वर्षांच्या. वर्षश्राद्धासारखी आपल्यात प्रार्थना असते ना वर्ष झाल्यावर, त्याच आठवड्यात मंडळीतले तीन वडीलधारे घरी आले, हातात पवित्र शास्त्र, आधी गीत म्हटलं, प्रार्थना केली, आणि मग दिरांनी हक्कसोडपत्र पुढे केलं. म्हणाले, बाई, ख्रिस्ती घरात वाद शोभत नाही, शांतीसाठी सही कर, आम्ही तुम्हाला अंतर देणार नाही. मी सही केली. पेन पण त्यांनीच दिलं होतं, निळं होतं, मला आजही आठवतं. दोन वर्षांनी मोठीची फी भरायला दिरांकडे गेले तर दारातूनच सांगितलं की तू स्वतः सोडलंस.

मला कोणी सांगितलंच नव्हतं की १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींत सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. त्या तिघांना माहीत होतं का नाही माहीत नाही, पण विचारायला हवं होतं, शास्त्र हातात घेऊन येणाऱ्याने तरी.

माझं हे नाव मी गणना २७ मधून घेतलंय. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप गेला, भाऊ नाही, जमीन जाणार. त्या पाचजणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाचं वतन आम्हाला द्या. आणि परमेश्वर काय म्हणाला? ह्या बरोबर बोलतायत. गप्प बसा म्हणाला नाही. यिर्मया ६ मधे तर देव चिडलाय अशा लोकांवर जे जखम वरवर बरी करून सगळं शांत आहे सगळं शांत आहे म्हणत सुटतात.

पंडिता रमाबाईंचं पण बघा. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला सिस्टरांकडे म्हणजे जोगिणींकडे राहून बाप्तिस्मा घेतला आणि नंतर त्याच सिस्टरांशी श्रद्धेच्या मुद्द्यांवरून पत्रांमागून पत्रं वाद घातला, तुम्ही सांगता म्हणून डोळे झाकून मान्य करणार नाही म्हणून. पण नातं तोडलं नाही, स्वतःची मुलगी मनोरमा त्यांच्याकडे ठेवली. वाद आणि वैर वेगळं असतं हे मला त्यांच्याकडून कळलं.

म्हणून भाऊ मी तुम्हाला एकच विचारते, ह्या अडीच फुटाची किंमत कोण भरतंय? तुम्ही चाकणला पगारावर आहात, तुम्ही सोडलंत तर ते तुमचं सोडणं झालं, ख्रिस्तासाठी सोडलं म्हणा, आनंदाने सोडा. पण जमीन वडलांच्या नावावर आहे, आणि भारा घेऊन तोल सांभाळत जाते ती तुमची आई. तुमच्या शांतीसाठी आईने पडायचं का? बांधावरून तिला धड चालता यावं एवढं मागणं म्हणजे भांडण नाही. आणि वडलांना विचारलंत का की त्यांना काय पाहिजे? तुमच्या पूर्ण पोस्टमधे वकील काय म्हणतो, मेहुणा काय म्हणतो, बायको काय म्हणते आहे. वडील काय म्हणतात ते नाहीये.

पिंपरी_क्वायर

मी लहान आहे तुमच्यापेक्षा, २४, शेती बिती कळत नाही, फक्त ग्रुपबद्दल बोलतो कारण त्यात मी हात पोळून घेतलेत.

आमच्या चर्चमधे पेटी-तबला का कीबोर्ड-ड्रम यावरून दीड वर्ष चाललं होतं. मी कीबोर्ड वाजवतो. जुने लोक म्हणायचे भजनं पेटीवरच, आम्ही म्हणायचो तरुण पोरं येत नाहीत. ग्रुपवर मी रात्री साडेबाराला एक लांबलचक मेसेज टाकला, वचनं देऊन वगैरे, आणि आमचे तबला वाजवणारे अंकल जे चाळीस वर्षं वाजवत होते ते पुढच्या रविवारपासून आलेच नाहीत. तबला तिथेच, कपडा घातलेला. सहा महिने तो कपडा बघत मी कीबोर्ड वाजवला. नीतिसूत्रे १७:१४ मधे आहे ना, भांडण सुरू करणं म्हणजे पाण्याला वाट फोडून देणं, ते तुम्हा शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल, एकदा दांड फुटला की मातीने कुठवर बुजवणार.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. काहीही पाठ करून गेलो नव्हतो. म्हटलं अंकल मी चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वेळी लिहिलं. ते म्हणाले मुद्दा तुझा बरोबर होता रे, पण सगळ्यांसमोर का? आता ते भजनाला तबला वाजवतात आणि मी त्यांच्यामागे नुसता सूर धरतो, बाकी गाण्यांना ड्रम. आणि खरं सांगू, कीबोर्ड का पेटी यावर तारण अवलंबून नव्हतंच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे पण होते आणि कळत्या वयातच घ्यावा म्हणणारे पण, दोघांनाही जागा ठेवली. ते लोक बाप्तिस्म्यावर एकत्र राहू शकले आणि आम्ही पेटीवर फुटत होतो.

तर फोटो ग्रुपवरून काढायची वेळ गेली असेल, पण माफी तिथेच मागा जिथे टाकला होता. जमिनीचं राहू दे बाजूला. फोटोची माफी, तेवढीच, त्याच्यापुढे 'पण' लावायचा नाही. अजून एक, मत्तय ५:२३ नीट वाचा प्लीज. अर्पण वेदीपाशी आणलं आणि तिथे आठवलं की 'आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे'. त्याच्या मनात. तुमच्या वडलांना वाटतंय स्वतःच्या मनात राग आहे म्हणून प्रभुभोजन नको, पण तिथे येशू उलट विचारतोय, त्याला तुमच्याबद्दल काय खुपतंय?

राहुरीकर_चाकणला

सगळ्यांचे आभार. दहा दिवस उत्तर दिलं नाही कारण देण्यासारखं काही नव्हतं.

तिरसाताई, तुमची पोस्ट वाचून मी उठून गॅलरीत गेलो. खरं आहे, बाबांना मी विचारलंच नव्हतं. शनिवारी गावी गेलो, रात्री जेवणं झाल्यावर विचारलं, बाबा तुम्हाला काय पाहिजे. बराच वेळ काही बोलले नाहीत, सुपारी कातरत होते. मग म्हणाले, मला दगड जागेवर पाहिजे, बापाने बसवलेला आहे. जमीन किती ह्याच्यात मला काही नाही. आणि तुझ्या आईला चालायला वाट. एवढंच. वकील बिकील काही त्यांच्या डोक्यात नव्हतंच, ते सगळं माझ्या आणि मेहुण्याच्या डोक्यातलं.

रविवारी पाळकसाहेबांना सांगून ग्रुप उघडायला लावला आणि फोटोची माफी लिहिली. दोन ओळी. पिंपरीकरा, 'पण' दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. दादा ग्रुपवर नाहीच, म्हणून तोच मेसेज त्याला वेगळा पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही.

मग मावशी तुमचा प्रश्न डोक्यात होता, स्वतः शेवटचं कधी बोललास. फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. रात्री नऊला त्यानेच केला. मी काकांनी सांगितलं तसं मोजणीचं बोलायला लागलो तर मधेच म्हणाला, अठराशे रुपयांचं बोल आधी. मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. चुलते गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी विहिरीच्या मोटरच्या लाइट बिलाचा निम्मा हिस्सा मागितला होता, अठराशे रुपये, फोन करून, कारण लाइनमन कनेक्शन तोडायला आला होता आणि बाबांकडे पैसे नव्हते. मला हे आठवतही नव्हतं, खरंच नव्हतं. तो म्हणाला, घरात अजून पाहुणे होते, मी बापाच्या मातीवरून येऊन चौथा दिवस, आणि तू बिल मागतोस. मी त्या दिवशी ठरवलं की ह्या घराशी आपला संबंध नाही. दादा चार वर्षं हे घेऊन नांगर चालवत होता, आणि मी टेप घेऊन फूट मोजत होतो.

मी म्हटलं दादा चुकलो. दुसरं काही सुचलंच नाही. तो रडला का नाही माहीत नाही, फोनवर आवाज येत नव्हता. मग म्हणाला बांध मी कोरला हे खरं आहे, रागाने कोरला पहिल्या वर्षी, नंतर ड्रायव्हर नेहमीच्याच खुणेवर चालवत गेला. दगड मात्र मी काढला नाही, शपथ नको म्हणतो आपल्यात पण नाही काढला.

वहिनींनी मागून काहीतरी म्हटलेलं ऐकू आलं, फोन ठेवला.

मोजणीवाले_काका

वाचलं. फार बरं वाटलं, आणि अठराशेचं वाचून पोटात कालवलंही. मोजणी मात्र सोडू नका. आत्ता दोघांचं मन मऊ आहे तेव्हाच करून घ्या, पाच वर्षांनी ट्रॅक्टर ड्रायव्हर बदलेल, पोरं मोठी होतील, त्यांना हा फोन आठवणार नाही. अर्ज दोघांच्या सह्यांनी करा. शक्य असेल तर मोजणीच्या दिवशी जेवण एकाच घरी ठेवा, कोणाच्याही.

वसईची_मावशी

आणि बाळा, आईला सांग चार दिवस भारा दुसऱ्या वाटेने आण म्हणून. वाट होईपर्यंत पडू नकोस म्हणावं. बाबांना माझा सलाम सांग.

राहुरीकर_चाकणला

हो काका, अर्ज दोघांच्या नावाने लिहून ठेवलाय, माझ्या पिशवीत आहे. दादाची सही अजून झालेली नाही, तो म्हणाला बघू, नाही म्हणाला नाही. मेहुणा अजून माझ्यावर चिडलेला आहे, त्याच्याशी पण बोलावं लागेल.

उद्या महिन्याचा पहिला रविवार. बाबा आज संध्याकाळी एकटेच बांधावर गेले होते, आई म्हणाली तासभर तिथेच होते. मी बघायला गेलो तर लिंबाखाली दादा पण होता. दोघं उकिडवे बसलेले, मधे तो दगड, दादा हातातल्या काडीने त्याच्यावरची माती खरवडत होता. मी पुढे गेलो नाही, तिथूनच मागे फिरलो.